दोन डॉक्टरांचे संग्रहालय

भायखळ्याला राणीच्या बागेच्या फाटकातून आत शिरले की पोरे पिंजऱ्यांकडे धाव घेतात. हल्ली तर पेंग्विन बघायची घाई असते. त्या घाईत शेजारची दुमजली, धीरगंभीर इमारत अनेकांच्या नजरेतून निसटते. मुंबईतले सर्वांत जुने वस्तुसंग्रहालय ते हेच. २ मे १८७२ रोजी ते लोकांसाठी उघडले आणि आज त्याला दीडशेहून अधिक वर्षे झाली. आधी सेंट्रल म्युझियम, मग व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम आणि १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, अशी तीन नावे त्याने धारण केली. परळ-लालबागच्या जुन्या माणसांनी मात्र ही तिन्ही नावे फारशी वापरली नाहीत. त्यांचे काम ‘राणीच्या बागेतलं म्युझियम’ एवढ्यावर भागत असे.

स्मरणिकेसाठी या संस्थेचा इतिहास लिहायला घेतला तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येत राहिली. हे घर उभे करणाऱ्यांत राज्यकर्ते होते, सावकार होते, पण त्याचा रोजचा भार वाहिला तो दोन डॉक्टरांनी. एक बेळगावात जन्मलेला इंग्रज, दुसरा गोव्यातल्या मांद्र्याहून आलेला आपला माणूस. दोघांचा संबंध ग्रँट मेडिकल कॉलेजशी, दोघांनाही वनौषधींचा नाद, आणि ज्या वस्तूकडे लोक पाठ फिरवतात ती नीट जपून ठेवावी ही दोघांचीही ओढ.

१८५० ते १८६० : बराकीतला संसार

१८५५ साली पॅरिसला मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. त्यासाठी मुंबई इलाख्यातून कापूस, तेलबिया, डिंक, रंग, लाकूड आणि हातकामाच्या वस्तूंचे नमुने गोळा झाले. पाठवलेल्या नमुन्यांची जोडी इथेही ठेवावी, म्हणजे इलाख्यात काय पिकते आणि काय बनते हे एका ठिकाणी पाहता येईल, अशी कल्पना निघाली. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी ती उचलून धरली. कोटातल्या टाउन बराकीत हा संग्रह मांडला गेला. त्यामागे व्यापाराचा हेतू होता हे नाकारण्यात अर्थ नाही. साम्राज्याला कच्चा माल कुठून मिळेल याची ती जणू जिवंत यादीच होती. पण हेतू कोणताही असो, धान्याचा दाणा आणि लाकडाची ढलपीसुद्धा नाव-गाव लिहून जतन करायची शिस्त या शहराला इथेच लागली.

पहिली जबाबदारी डॉ. जॉर्ज बुइस्ट यांच्याकडे होती. ते ‘बॉम्बे टाइम्स’चे संपादक. कुलाब्याच्या वेधशाळेचे कामही त्यांनी पाहिले होते. मांडामांड जेमतेम होते तोच १८५७ उजाडले. उत्तरेत उठाव पेटला आणि सैन्यासाठी बराकी तातडीने रिकाम्या करायचा हुकूम आला. वस्तू घाईघाईने बाहेर निघाल्या आणि त्यांतल्या पुष्कळशा त्या गडबडीत मोडल्या, हरवल्या. उरलेल्यांना टाउन हॉलचा आसरा मिळाला. त्या धामधुमीच्या दिवसांत कारभारी मंडळींत मतभेद झाले. त्यांची उजळणी इथे करण्याचे कारण नाही. सांगायचे ते एवढेच की या पडझडीनंतर विखुरलेला संसार आवरायला जो माणूस पुढे आला, त्याचे वय तेव्हा पंचविशीच्या आसपास होते.

त्याचे नाव जॉर्ज ख्रिस्तोफर मोल्सवर्थ बर्डवुड. जन्म ८ डिसेंबर १८३२, बेळगाव. वडील कंपनी सरकारच्या फौजेत. शिक्षणासाठी त्याला इंग्लंडला धाडले आणि एडिंबरोची डॉक्टरी घेऊन १८५४ मध्ये तो मुंबई इलाख्याच्या वैद्यकीय सेवेत परत आला. कलादगी, सोलापूर अशा ठिकाणी पलटणींबरोबर राहिला, इराणच्या मोहिमेवर गेला आणि तिथून परतल्यावर ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला. आधी शरीरशास्त्र आणि नंतर औषधिद्रव्ये हे त्याचे विषय. औषधिद्रव्ये शिकवणाऱ्याला बाजार पाहावाच लागतो. काष्ठौषधींच्या दुकानांत काय विकले जाते, कशाला काय म्हणतात, कुठली साल कुठल्या डोंगरातून येते, या चौकशीतूनच संग्रहालयाचा हा सांभाळकर्ता घडला.

१८५८ मध्ये राज्यकारभार कंपनीकडून राणीकडे गेला. त्याचे स्मारक म्हणून मुंबईत संग्रहालय आणि बाग उभारावी, असा ठराव नागरिकांच्या सभेत झाला. पुढारपण नाना शंकरशेट यांचे. बर्डवुड आणि डॉ. भाऊ दाजी यांनी चिटणिसीचे काम अंगावर घेतले. वर्गणीसाठी घरोघर जाणे, पत्रे लिहिणे, याद्या ठेवणे, आलेली वस्तू नोंदवून घेणे असे ते काम. त्याचा गाजावाजा होत नाही, पण ते कुणी केले नाही तर संस्था ठरावाच्या कागदावरच राहते.

१८६० ते १८७० : पायाभरणी आणि पडझड

या दशकावर थोडे जास्त रेंगाळावे लागेल.

आधी भाऊंबद्दल. रामकृष्ण विठ्ठल लाड हे त्यांचे मूळ नाव, जन्म १८२२ चा. बुद्धिबळातली त्यांची चमक पाहून एका इंग्रजाने त्यांच्या वडिलांना गळ घातली की या मुलाला इंग्रजी शिकवा. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकून तिथेच ते शिक्षक झाले. काठेवाड-कच्छमधल्या बालिकाहत्येवरच्या निबंधाला त्यांना बक्षीस मिळाले. पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून डॉक्टर झाले. त्यांच्या दवाखान्यात गरिबाला पैसे पडत नसत. कुष्ठरोगावर देशी औषध शोधण्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे खपून प्रयोग केले. मुलींची शाळा काढली. मुंबईत मराठी मंडळींचे नाटक उभे राहावे म्हणून विष्णुदास भाव्यांच्या पाठीशी उभे राहिले. १८६२ च्या महाराज खटल्यात, म्हणजे वैष्णव महाराजांनी लावलेल्या अब्रुनुकसानीच्या दाव्यात, सुधारक पत्रकार करसनदास मुळजींच्या बाजूने साक्ष द्यायला उभे राहणे सोपे नव्हते. ते धैर्यही त्यांनी दाखवले.

एवढे सगळे करून हा माणूस शिलालेख वाचायचा. नाणी, ताम्रपट, पोथ्या जमवायचा. जुनागढचा रुद्रदामनाचा लेख, अजिंठ्यातले लेख यांवर त्यांनी एशियाटिक सोसायटीत निबंध वाचले. त्यांच्यासाठी लेखांचे ठसे घेत गावोगाव हिंडलेले भगवानलाल इंद्रजी पुढे स्वतःच नामवंत पुराविद्यापंडित झाले. भाऊंचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी यांचीही त्यांना साथ होती. भाऊंचे मोठेपण या गोतावळ्यात आहे असे मला वाटते. एकट्याने पुढे जाणे त्यांच्या स्वभावातच नव्हते.

बर्डवुडही त्याच सोसायटीचे चिटणीस. १८६२ मध्ये त्यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतिजन्य उत्पन्नांची सूची प्रसिद्ध केली. संग्रहालयातल्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या आणि ही सूची यांचा उगम एकच. ऊद ज्या झाडांपासून मिळतो त्यांच्यावर त्यांनी केलेले काम वनस्पतिशास्त्रज्ञ अजून जाणतात. त्या कुळातल्या एका जातीला शास्त्रीय नाव देणारे म्हणून त्यांचेच नाव लागते. मुंबई विद्यापीठाचे रजिस्ट्रार, १८६४ मध्ये शहराचे शेरीफ, आणि कृषी व बागायत मंडळाचे चिटणीसपद, अशा एकाच वेळी चार-पाच खुर्च्या त्यांनी सांभाळल्या. तरी संग्रहालय त्यांच्या मनातून कधी दूर गेले नाही.

या बागायत मंडळाची बाग शिवडीला होती. ती जागा दफनभूमीसाठी गेली, तेव्हा मंडळ माझगाव-भायखळ्याच्या नव्या जागेवर आले. बाग आणि संग्रहालय एका कुंपणात आले ते असे. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली आणि त्याच दिवशी लेडी फ्रिअर यांनी बाग खुली केली.

तेव्हा मुंबईत पैशाचा पूर आला होता. अमेरिकेतल्या यादवीमुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. दानशूरांचे हात मोकळे झाले. डेव्हिड ससून यांनी प्रिन्स अल्बर्टचा संगमरवरी पुतळा दिला. तो मॅथ्यू नोबल या शिल्पकाराने घडवला आहे. बागेच्या तोंडाशी असलेला घड्याळाचा मनोराही ससून यांच्याच नावाचा. मग १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपले, कापूस गडगडला आणि शेअरबाजार कोसळला. घराणीच्या घराणी बुडाली. खुद्द भाऊंची मिळकत त्यात गेली. त्याच वर्षी नाना शंकरशेटही गेले. वर्गणी आटली, भिंती अर्ध्यावर थांबल्या.

१८६८ मध्ये प्रकृतीच्या कारणाने बर्डवुड यांनी मुंबई सोडली. आपण ज्या इमारतीसाठी दहा वर्षे झटलो तिचे छप्पर पुरे झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

१८७० ते १९०० : दार उघडले

सरकारने हात दिला आणि काम तडीस गेले. आराखडा विल्यम ट्रेसी यांचा. त्यांच्या पश्चात स्कॉट, मॅक्लेलंड आणि कंपनीने तो पुरा केला. बाहेरून इमारत साधी आणि भारदस्त, इटलीतल्या पॅलेडिओच्या घडणीची. आत पाऊल टाकले की मात्र माणूस थबकतो. विलायतेहून आणलेले ओतीव लोखंडाचे नक्षीदार खांब आणि कठडे, मिंटन कंपनीच्या रंगीत फरश्या, वर सोनेरी वर्ख दिलेले छत. ज्यांना पोटाला चिमटा काढून राहावे लागत होते, त्यांच्यासाठीही हे दार उघडे होते. राजवाड्यासारख्या जागेत सामान्य माणूस ताठ मानेने हिंडू शकतो ही गोष्ट त्या काळी केवढी मोठी होती! लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाला व्हिक्टोरिया-अल्बर्ट हे जोडनाव १८९९ मध्ये मिळाले. भायखळ्याला ते त्याआधीच रुळले होते.

उद्घाटनानंतर दोनच वर्षांनी, १८७४ मध्ये, भाऊ गेले. दोनदा मुंबईचे शेरीफ झालेला हा पहिला भारतीय वयाच्या बावन्नाव्या वर्षी निघून गेला. त्यांच्या पोथ्या आणि नाणी एशियाटिक सोसायटीकडे आली आणि लेखन १८८८ मध्ये संकलित होऊन छापले गेले. १८७३ मध्ये बागायत मंडळ बंद झाले आणि बाग नगरपालिकेकडे आली. कालांतराने संग्रहालयाचा भारही शहराच्या पालिकेनेच उचलला आणि आजतागायत ती तो वाहते आहे.

लंडनला गेलेले बर्डवुड इंडिया ऑफिसात तिथल्या भारतीय संग्रहाचे काम पाहू लागले. १८८० मध्ये ‘दि इंडस्ट्रियल आर्ट्स ऑफ इंडिया’ हा त्यांचा ग्रंथ आला. विणकर, कुंभार, तांबट, सोनार यांच्या हातातल्या कसबाला इतक्या आदराने जगापुढे मांडणारे इंग्रजी पुस्तक त्या काळात दुर्मीळ होते. यंत्राच्या मालापुढे हे कारागीर टिकणार नाहीत, याची काळजी त्या पानापानांत आहे. पण त्यांचा पूर्ण हिशेब द्यायचा तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कारागिरी थोर, पण शुद्ध शिल्पकला-चित्रकला हिंदुस्थानात नाही, असे त्यांचे मत होते. १९१० मध्ये लंडनच्या एका सभेत जावातल्या ध्यानी बुद्धाच्या मूर्तीबद्दल त्यांनी अनुदार उद्गार काढले. त्यावर तिथल्याच कलावंतांनी जाहीर निषेध केला आणि त्यातून भारतीय कलेची बाजू मांडणारी इंडिया सोसायटी उभी राहिली. आयुष्यभर या देशाच्या वस्तू हाताळलेल्या माणसाला त्यांतले सर्वोच्च दिसले नाही, हे वाचून आजही वाईट वाटते. २८ जून १९१७ रोजी त्यांचे निधन झाले.

१९०० ते १९२० : मातीची माणसे

या वीस वर्षांत संग्रहालयाला आजचा चेहरा आला. जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे प्राचार्य सेसिल बर्न्स हे इथले अभिरक्षक झाले. त्यांच्यानंतर अर्नेस्ट फर्न आले. कच्च्या मालाच्या बरण्या हळूहळू मागे सरल्या आणि त्यांच्या जागी हातकला आणि मुंबई शहर पुढे आले. हस्तिदंत, बिदरी, लाकडावरचे कोरीव काम, जे. जे.च्या भट्टीतली मातीची भांडी, शहराचे नकाशे आणि प्रतिकृती. पारशांच्या दोखम्याची, म्हणजे अंत्यविधीच्या मनोऱ्याची, प्रतिकृतीही इथे आहे. ज्या वास्तूत परधर्मीयाला पाऊल ठेवता येत नाही तिची रचना तिच्यामुळे कुणालाही समजते.

आणि मातीची माणसे. वीतभर उंचीची, काचेआड उभी. कोळी, भाटिया, बोहरी, पारशी, बामण, सगळी मुंबई. पागोट्याची घडी, धोतराचा सोगा, नऊवारीचा काष्टा, सगळे हुबेहूब. लहानपणी आजोबांचे बोट धरून मी यांच्यासमोर उभा राहिलो होतो. आजोबा गिरणीत होते. एकेका डोक्याकडे बोट दाखवून ते सांगत, हे पागोटं अमक्याचं, ही पगडी तमक्याची. पाटी त्यांनी वाचली नाही, त्यांना ती वाचता येत नव्हती. त्या दिवशी मला पाटी न वाचता बघायला शिकवले गेले. या मूर्ती घडवणारे हात बहुतेक निनावी राहिले. संग्रहालयाच्या इतिहासात त्यांचा मान कुठल्याही गव्हर्नरापेक्षा कमी नाही.

१९१४ मध्ये घारापुरीचा दगडी हत्ती बागेत उभा राहिला. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले तोच हा. १८६४ मध्ये त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना यारीच तुटली आणि हत्ती खाली पडून फुटला. ते तुकडे व्हिक्टोरिया बागेत, म्हणजे याच राणीच्या बागेत, आले आणि पन्नास वर्षांनी जोडले गेले. आजही जवळ गेलात की काळ्या दगडावरचे सांधे हाताला लागतात. माझ्या मते या आवारातली सर्वांत बोलकी वस्तू हीच.

१९२० ते १९७० : मागच्या बाकावर

१९२२ मध्ये कोटाजवळ प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम उघडले. अभ्यासकांचे पाय आणि देणगीदारांचे हात तिकडे वळले, आणि ते स्वाभाविकच होते. भायखळ्याचे संग्रहालय गिरणगावाचे झाले. रविवारी, सुट्टीच्या दिवशी माणसांची रीघ लागे. निधी अपुरा, नोकरवर्ग मोजका, तरी दार रोज उघडत राहिले. काचा पुसणारे, किल्ल्या सांभाळणारे, पावसाळ्यात गळक्या जागी बादल्या लावणारे यांनी हा काळ निभावून नेला.

स्वातंत्र्यानंतर शहरातले राजेशाहीचे पुतळे चौकांतून हलले. १९६५ मध्ये काळा घोडाही, म्हणजे घोड्यावर बसलेला सातवा एडवर्ड, संग्रहालयाशेजारी आला. फोर्टातल्या चौकाने नाव ठेवून घेतले आणि घोडा आमच्याकडे धाडला.

१९७० ते २००० : नाव

१ नोव्हेंबर १९७५ रोजी महानगरपालिकेने संस्थेला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव दिले. भाऊंच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी हे घडले. बागही वीरमाता जिजाबाई भोसले यांच्या नावाची झाली. वास्तूची दशा मात्र दिवसेंदिवस खालावत होती. छताला ओल, लाकडाला वाळवी, मूळ नक्षीवर रंगाचे थर.

२००० पासून पुढे : पुन्हा उजेड

फेब्रुवारी २००३ मध्ये महानगरपालिका, वारसा जपणारी संस्था इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात करार झाला. तस्नीम झकारिया मेहता यांच्या पुढाकाराने आणि वास्तुरचनाकार विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली काम सुरू झाले. एकेक थर खरवडून मूळ रंग शोधला गेला. कारागिरांनी परांची बांधून, मान वर करून, छतावर पुन्हा सोनेरी वर्ख चढवला. वस्तूही एकेक करून साफ केल्या, सांधल्या. २००५ मध्ये आशिया-पॅसिफिक विभागातला युनेस्कोचा सर्वोच्च वारसा-जतन पुरस्कार या कामाला मिळाला आणि जानेवारी २००८ मध्ये दार पुन्हा उघडले.

त्यानंतर संग्रहालयाने आजच्या कलावंतांना बोलावले. सुदर्शन शेट्टी, जितीश कल्लाट, अतुल दोडिया यांच्यासारख्यांनी जुन्या संग्रहाशी नाते जोडत आपली कामे इथे मांडली. मुलांच्या कार्यशाळा, व्याख्याने, चित्रपट, मराठीतून होणारे कार्यक्रम सुरू झाले. महासाथ आणि नंतरची दुरुस्ती यांमुळे पुन्हा काही वर्षे कुलूप लागले. २०२५ मध्ये ते निघाले.

परवा गेलो होतो तेव्हा खालच्या दालनात एका पालिका शाळेची मुले रांगेत उभी होती. मातीच्या माणसांच्या कपाटापाशी एक मुलगी काचेला नाक लावून उभी राहिली आणि बाईंनी दोनदा हाक मारली तरी हलली नाही. संग्रहालय बुधवारी बंद असते. इतर दिवशी सकाळी दार उघडते.